बापूजी अणे : वऱ्हाडचा वकील, सिंहलद्वीपातील वकील

बिहारमध्ये निवडणुका आल्या की पाटण्याचा एक पत्ता आपल्या वर्तमानपत्रांतून नित्य छापला जातो. मुख्यमंत्र्यांचे अधिकृत निवासस्थान, '१, अणे मार्ग'. हे अणे कोण, असा प्रश्न मुलुंडच्या किंवा घाटकोपरच्या वाचकाला सहसा पडत नाही. बिहारमधलेच कोणी असतील, असे समजून तो पुढची बातमी वाचू लागतो. हे अणे यवतमाळ जिल्ह्यातील वणीचे. माधव श्रीहरी अणे हे त्यांचे पूर्ण नाव. वऱ्हाडात ते 'बापूजी' आणि 'लोकनायक' या दोन नावांनी ओळखले जात. जयप्रकाशांना लोकनायक म्हणण्याच्या कितीतरी वर्षे आधी ही पदवी वऱ्हाडाने अण्यांना देऊन टाकली होती, आणि ज्या बिहारने पुढे दुसरा लोकनायक पाहिला, त्याच बिहारचे हे पहिले लोकनायक साडेचार वर्षे राज्यपाल होते, हा एक योगायोगच म्हणायचा.

त्यांच्या चरित्रातील सगळ्याच गोष्टी आज सांगत बसलो तर रात्र पुरणार नाही. मला बोलायचे आहे ते मुख्यतः १९४१ ते १९४७ या सहा वर्षांविषयी. या काळात हा जुन्या वळणाचा, सनातन धर्माभिमानी, टिळकपंथी राजकारणी आधी व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात गेला, तेथून राजीनामा देऊन बाहेर पडला आणि सहा महिन्यांच्या आत हिंदुस्थान सरकारचा प्रतिनिधी म्हणून सिलोनला, म्हणजे आजच्या श्रीलंकेला रवाना झाला. त्यांच्या चाहत्यांनी हा भाग घाईघाईने उरकला आहे आणि विरोधकांनी एका शब्दात निकालात काढला आहे. मला दोन्ही पसंत नाही.

'वकील' या शब्दाला आपल्या भाषेत दोन अर्थ आहेत. कोर्टात अशिलाची बाजू मांडणारा तो वकील, हा आजचा अर्थ. मराठेशाहीच्या दप्तरात मात्र वकील म्हणजे परदरबारी राहून आपल्या धन्याचे हित पाहणारा माणूस. दिल्लीतले पेशव्यांचे हिंगणे हे या अर्थाने वकील. अणे दोन्ही अर्थांनी वकील होते. २९ ऑगस्ट १८८० चा त्यांचा जन्म. नागपूरच्या मॉरिस कॉलेजात शिक्षण झाले, काही वर्षे अमरावतीस शिक्षकी केली, कायद्याची परीक्षा दिली आणि १९०८ पासून यवतमाळला वकिली सुरू केली. ज्या साली टिळकांना सहा वर्षांची शिक्षा झाली, त्याच सालापासूनची ही वकिली. तिच्यात पैशापेक्षा राजकारणाचा वाटा मोठा असणार हे ठरलेलेच होते.

आता ज्या प्रांताचे ते वकील झाले त्या वऱ्हाडची स्थिती ध्यानात घ्या, कारण पुढच्या गोष्टीशी तिचा संबंध आहे. वऱ्हाडची सार्वभौम सत्ता कागदोपत्री निजामाची; कारभार इंग्रजांचा. १९०२ च्या करारान्वये निजामाने हा प्रांत इंग्रजांना कायमच्या पट्ट्याने दिलेला होता. त्यामुळे कायद्याच्या काटेकोर अर्थाने वऱ्हाड हा 'ब्रिटिश हिंदुस्थान' नव्हेच. त्याचा एक मोठा विचित्र परिणाम असा, की दिल्लीच्या मध्यवर्ती कायदेमंडळात वऱ्हाडने आपला सभासद मतांनी निवडून द्यावा आणि मग गव्हर्नर जनरलने त्याच माणसाची नेमणूक करावी! मतदारांनी निवडलेला, पण सरकारने नेमलेला असा हा सभासद. अणे वर्षानुवर्षे या जागेवर बसले आणि कायदेमंडळाच्या अहवालांत त्यांच्या नावापुढे 'वऱ्हाडचे प्रतिनिधी' असे छापले जाई. माणसे पिढ्यान् पिढ्या एका जागी राहतात, तरी कायद्याच्या पुस्तकात त्यांचे स्थान संशयित असू शकते, ही गोष्ट या माणसाला कोणी शिकवावी लागत नव्हती.

टिळकांकडून त्यांनी काय घेतले? भक्ती तर घेतलीच; पण राजकारणाची एक रीतही घेतली. १९१९ च्या डिसेंबरात अमृतसरच्या काँग्रेसला जाताना नव्या सुधारणांच्या संदर्भात टिळकांनी एक भूमिका जाहीर केली, तिचे नाव 'प्रतियोगी सहकारिता'. सरकार जेवढे देईल तेवढे पदरात घ्यायचे, उरलेल्यासाठी भांडायचे. सरकार एक पाऊल पुढे आले तर आपण एक पाऊल पुढे जायचे, त्याने पाठ फिरवली तर आपणही फिरवायची. पुढच्या ऑगस्टात टिळक गेले आणि देश गांधीजींच्या असहकारितेमागे गेला. वऱ्हाडचे दादासाहेब खापर्डे यांना हा मार्ग पटला नाही व ते काँग्रेसबाहेर पडले. अण्यांनाही कायदेमंडळांवरचा बहिष्कार मनापासून पटलेला नव्हता. तथापि ते आत राहिले, आणि १९२१ पासून जवळजवळ दहा वर्षे वऱ्हाड प्रांतिक काँग्रेसचे अध्यक्ष होते. १९२५-२६ मध्ये केळकर, जयकर, मुंजे यांच्याबरोबर त्यांनी प्रतियोगी सहकारितेचा पक्ष काढला. १९२८ मध्ये मोतीलाल नेहरूंच्या समितीवर बसून स्वराज्याच्या घटनेचा आराखडा तयार करण्यात भाग घेतला. आणि १९३० मध्ये हाच 'सहकारवादी' माणूस १० जुलैला पुसदजवळच्या राखीव जंगलात विळा घेऊन गवत कापायला गेला व तुरुंगात गेला. वऱ्हाडात समुद्र नाही, मीठ कुठले करणार? म्हणून जंगलचा कायदा मोडायचा, असा हा विचार होता. तो लोकांना इतका पटला की मध्यप्रांत-वऱ्हाडात जंगल सत्याग्रह हीच त्या वर्षाची मुख्य चळवळ ठरली.

मतभेद ठेवून आत राहणे हे अण्यांचे वैशिष्ट्य होते. त्याचा उपयोग काँग्रेसनेही पुष्कळ करून घेतला. १९३१ मध्ये बंगालमध्ये सुभाषबाबू आणि सेनगुप्त यांच्यात तंटा विकोपाला गेला, तेव्हा लवाद म्हणून यवतमाळच्या अण्यांना पाठवण्यात आले. १९३३ मध्ये पुढारी एकामागून एक तुरुंगात गेले असता काँग्रेसचे हंगामी अध्यक्षपद अण्यांकडे आले. त्या जुलैत पुण्याला जी परिषद भरली तिच्यानंतर सामुदायिक कायदेभंग थांबवून तो वैयक्तिक स्वरूपात चालवण्याचा हुकूम त्यांच्याच सहीने निघाला. असा हुकूम काढणाऱ्याला कोणी धन्यवाद देत नाही. जहालांना ती शरणागती वाटली. हुकूम काढून ते घरी बसले नाहीत. पुढच्याच महिन्यात मूठभर स्वयंसेवक घेऊन स्वतः सत्याग्रहाला निघाले आणि पकडले गेले.

मग १९३४ आले आणि जातीय निवाड्याचा प्रश्न उभा राहिला. काँग्रेसने हा निवाडा स्वीकारलाही नाही व नाकारलाही नाही. मालवीय आणि अणे या दोघांना ही मधली भूमिका मान्य होईना. त्यांनी राजीनामे देऊन काँग्रेस नॅशनॅलिस्ट पक्ष स्थापन केला. या फुटीमागे त्यांचा हिंदुत्वाचा अभिमान होता हे झाकण्याचे कारण नाही. १९३८ च्या डिसेंबरात सोलापूरला हैदराबाद संस्थानातील हिंदूंच्या धार्मिक हक्कांसाठी आर्यसमाजाची जी मोठी परिषद भरली तिचे ते अध्यक्ष होते. रूढ अर्थाने ते सनातनी होते, वेदविद्येचे अभिमानी होते, आणि नव्या समाजसुधारकांच्या पंक्तीत त्यांना बसवण्याचा खटाटोप व्यर्थ आहे. पण फूट पडली तरी नाते तुटले नाही. त्या वर्षीच्या निवडणुकीत मालवीय आणि अणे या दोघांविरुद्ध काँग्रेसने उमेदवार उभा करायचा नाही असे ठरवले. आजच्या श्रोत्यांना हे कपोलकल्पित वाटेल. पण असे घडले आहे.

ही पार्श्वभूमी घेऊन आपण १९४१ मध्ये येऊ.

युद्ध सुरू झाले होते. काँग्रेसची मंत्रिमंडळे १९३९ मध्येच बाहेर पडली होती. अशा वेळी व्हाइसरॉय लिनलिथगो यांनी आपले कार्यकारी मंडळ वाढवून त्यात हिंदी सभासदांचे बहुमत केले. अण्यांना बोलावणे आले, आणि ते गेले. त्यांच्याकडे खाते आले ते परदेशस्थ हिंदी लोकांचे. नावाला दुय्यम खाते. पण काही महिन्यांतच जपानी ब्रह्मदेशात शिरले आणि रंगूनकडून चार-पाच लाख हिंदी माणसे आराकान, मणिपूर आणि आसामच्या वाटांनी पायी निघाली. कितीतरी वाटेतच पडली. गोऱ्यांना चांगली वाट आणि काळ्यांना वाईट वाट, असा पंक्तिप्रपंच झाल्याच्या तक्रारींनी कायदेमंडळ दुमदुमले. या तक्रारींना सरकारच्या बाजूने तोंड देण्याची जबाबदारी या टिळकभक्तावर आली.

आणि मग १९४२ चा ऑगस्ट. काँग्रेस पुढाऱ्यांना अटक करण्याचा निर्णय त्या कार्यकारी मंडळाने मंजूर केला. अणे त्या मंडळात होते आणि त्यांनी राजीनामा दिला नाही. ११ ऑगस्टला पाटण्याच्या सचिवालयावर तिरंगा लावायला गेलेले सात विद्यार्थी गोळीबारात पडले. तरीही ते मंडळातच राहिले. १६ ऑगस्टला चिमूर पेटले. चिमूर हे चांदा जिल्ह्यातले गाव, म्हणजे अण्यांच्या वणीपासून फार लांब नाही. जमावाने अधिकाऱ्यांना ठार मारले, आणि नंतर आलेल्या सैनिकांनी गावावर, विशेषतः गावातील स्त्रियांवर, जे अत्याचार केले त्यांची कहाणी डॉ. मुंज्यांसारख्यांनी स्वतः जाऊन ऐकली व जगापुढे मांडली. सरकार चौकशी करीना.

तेव्हा सेवाग्रामचे प्रोफेसर जयकृष्ण भणसाळी उठले आणि दिल्लीला अण्यांच्या दारात येऊन उपोषणाला बसले. त्यांचे म्हणणे एवढेच होते, की तुम्ही त्या भागातले आहात, सरकारात आहात. चिमूरला चला, आयाबहिणींची चौकशी करा. पोलिसांनी भणसाळींना उचलून वर्ध्याला पाठवले. ते पुन्हा चालत चिमूरकडे निघाले, पुन्हा अडवले गेले. एकूण त्रेसष्ट दिवस त्यांनी अन्न घेतले नाही. उपोषणाच्या बातम्यांवर सरकारने बंदी घातली, तिच्या निषेधार्थ जानेवारी १९४३ मध्ये देशातील वृत्तपत्रांनी एक दिवस अंक काढले नाहीत. १२ जानेवारीला तडजोड होऊन ते उपोषण सुटले. अणे त्या सर्व काळात मंत्री होते.

आणि यानंतर महिन्याभराने, १० फेब्रुवारीला गांधीजींनी आगाखान पॅलेसमध्ये एकवीस दिवसांचे उपोषण आरंभले. त्यांची प्रकृती ढासळू लागली. त्यांना मुक्त करावे असे अणे, नलिनीरंजन सरकार आणि होमी मोदी या तिघांचे म्हणणे पडले; व्हाइसरॉयने ते मानले नाही; १७ फेब्रुवारीला तिघांनी राजीनामे दिले. आंबेडकर त्या मंडळात होते, ते राहिले. त्यांचे गांधीजींशी नाते निराळे होते, आणि त्यांचा हिशेबही निराळा होता.

आता प्रश्न असा येतो, की गांधीजींच्या उपोषणासाठी जो माणूस पद सोडतो, तो चिमूरच्या बायांसाठी का सोडत नाही? हा प्रश्न टाळून अण्यांचे चरित्र लिहिता येणार नाही. त्यांच्या बाजूने एक उत्तर देता येते. आत राहून मध्यप्रांत सरकारवर दडपण आणता येईल, बाहेर पडल्यास तेही जाईल, असा प्रतियोगी सहकारवाद्याचा हिशेब असतो. आणि गांधीजींचा प्राणच जाण्याची वेळ आली तेव्हा हिशेबाला जागाच उरली नाही. हे उत्तर तर्काला धरून आहे. माझे मात्र त्याने समाधान होत नाही. सहकारितेच्या धोरणात एक उणीव आहे ती इथे उघडी पडते. सरकारने पाठ फिरवली की आपणही फिरवायची असे ते धोरण सांगते; पण कोणती पाठ ही शेवटची, हे ते सांगत नाही. मंत्रिपदाच्या खुर्चीवर बसलेल्या माणसाला ती नेहमी पुढचीच वाटते. भणसाळी दारात बसले होते तेव्हा ती आली होती, असे मी म्हणेन. अण्यांना तिची ओळख पटायला आणखी साडेतीन महिने लागले. तरी त्यांना ती पटली, एवढे मात्र त्यांच्या जमेला धरले पाहिजे. कित्येकांना ती कधीच पटली नाही.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये सिलोनमधील हिंदुस्थान सरकारचे प्रतिनिधी म्हणून त्यांची नेमणूक झाली. इकडे गांधीजी आणि नेहरू तुरुंगात, आणि आपण त्याच सरकारची नोकरी पत्करतो! टीका झाली, ती होणारच होती. यातली गंमत पाहा. अण्यांच्या राजीनाम्याने रिकामे झालेले परदेशस्थ हिंदी लोकांचे खाते मे १९४३ मध्ये नागपूरच्या डॉ. ना. भा. खरे यांच्याकडे गेले. म्हणजे यवतमाळचा माणूस कोलंबोला वकील आणि त्याचे खलिते वाचणारा दिल्लीतला मंत्री नागपूरचा! सिलोनच्या मळ्यांत राबणाऱ्या तामिळ मजुरांचे गाऱ्हाणे काही काळ असे दोन वैदर्भीयांच्या हातून चालले होते.

हे गाऱ्हाणे काय होते ते थोडे सविस्तर सांगतो. गेल्या शतकाच्याही आधीपासून इंग्रज मळेवाल्यांनी मद्रास इलाख्यातून मजूर नेऊन सिलोनच्या डोंगरात आधी कॉफी, मग चहा आणि रबर लावले. कंगाणी म्हणजे मुकादम गावोगाव फिरून माणसे गोळा करी, आगाऊ रक्कम देई आणि कर्जाच्या दोरीने बांधून घेऊन जाई. मळ्यावर त्यांना राहायला 'लाइनी'. आपल्याला चाळ ठाऊक आहे. लाइन म्हणजे चाळीचीच गरीब बहीण. पत्र्याखाली एका रांगेत दहा फूट बाय बारा फुटांच्या खोल्या, आणि एकेका खोलीत अख्खे बिऱ्हाड. अशी सहा-सात लाख माणसे. त्यांतली कित्येक तिथेच जन्मलेली. हिंदुस्थान त्यांनी पाहिलेलाही नव्हता.

१९३१ मध्ये सिलोनला प्रौढ मताधिकार मिळाला, हिंदुस्थानच्या कितीतरी आधी. त्याबरोबर सिंहली पुढाऱ्यांना धास्ती पडली, की डोंगरातले हे लाखो मजूर मतदार झाले तर कँडीच्या बाजूचे सिंहली शेतकरी आपल्याच मुलखात अल्पसंख्य ठरतील. म्हणून हिंदी माणसाला मत देताना कायम वास्तव्याच्या पुराव्याच्या अटी आल्या, सरकारी जमिनींच्या वाटपातून त्याला वगळले गेले, गावसमित्यांच्या मतदानातून मळेमजुरांना दूर ठेवले गेले. १९३९ मध्ये सिलोन सरकारने आपल्या खात्यांतील हिंदी रोजंदारांना काढायला आरंभ केला. तेव्हा नेहरू स्वतः तिकडे गेले, सिलोन इंडियन काँग्रेस स्थापन झाली आणि हिंदुस्थान सरकारने नव्या मजुरांना तिकडे जाण्यास बंदी केली. १९४१ च्या सप्टेंबरात दोन्ही सरकारांच्या प्रतिनिधींनी एक संयुक्त अहवाल तयार केला; हिंदुस्थानात त्यावर कडक टीका झाली व तो अमलात आला नाही. सिंहली पुढाऱ्यांची बाजूही विसरू नका. ज्यांची उत्तम जमीन मळेवाल्यांनी घेतली, त्यांना मळेवाल्याच्या मजुराविषयी प्रेम वाटावे अशी अपेक्षा करणे कठीण. मळेवाला इंग्रज मात्र या भांडणात दोघांकडूनही सुटला!

अणे पोहोचले तेव्हा युद्धामुळे पारडे किंचित बदलले होते. मलाया पडल्याने दोस्त राष्ट्रांना नैसर्गिक रबर मिळण्याचे मुख्य ठिकाण आता सिलोन हेच उरले होते. रबराला चीक काढणारे हात हवेत, आणि हात हिंदुस्थानातले. उलट ब्रह्मदेशचा तांदूळ बंद झाल्याने बेट उपाशी राहण्याची वेळ आलेली. १९४२ च्या एप्रिलमध्ये कोलंबो आणि त्रिंकोमालीवर जपानी बाँब पडून गेले होते. १९४४ मध्ये माउंटबॅटन यांनी आपले ठाणे कँडीजवळ आणले.

पण वकिलाच्या हातात काय होते? सैन्य नाही, स्वतंत्र सरकार नाही. ज्या सरकारचा तो वकील ते सरकार लंडनच्या हुकमतीखाली, आणि ज्या सरकारकडे वकिली करायची तेही लंडनच्याच हुकमतीखाली. अशा दोन परतंत्र देशांमधला हा वकील. समोर होते डॉन स्टीफन सेनानायके, सिलोनच्या स्टेट कौन्सिलचे नेते आणि पुढे स्वतंत्र सिलोनचे पहिले पंतप्रधान. शेतीतला जाणता, धिमा आणि चिवट माणूस. अण्यांना त्यांच्याशी चार वर्षे वागायचे होते. १९४४ च्या अखेरीस सोलबरी कमिशन आले; त्याच्या शिफारशींनी सिलोनला स्वराज्य जवळ आणले आणि नागरिकत्वाचा प्रश्न स्वराज्य मिळवणाऱ्यांच्याच हाती सोपवला. १९४६ मध्ये नेव्हस्मायर नावाचा एक मळा गावविस्तारासाठी सरकारने घेतला आणि तिथल्या हिंदी मजुरांना घरे सोडण्याचा हुकूम झाला. हीच माणसे तिथे जन्मलेली, त्यांच्याच बापांनी झाडे लावलेली. त्यावरून मळ्यामळ्यांतून मोठा संप पेटला.

या चार वर्षांत अण्यांनी करार घडवून आणला नाही. त्यांच्या चरित्रकारांनी हे मोकळेपणी सांगायला हवे होते. त्यात कमीपणा नाही. त्यांच्यानंतर त्या जागी गेलेले वराहगिरी वेंकट गिरी, जे पुढे राष्ट्रपती झाले, त्यांनाही तो घडवता आला नाही. आणि १९४७ च्या डिसेंबरात खुद्द नेहरू व सेनानायके दिल्लीत समोरासमोर बसले तरी घडला नाही. अण्यांनी केले ते एवढे, की दावा मिटू दिला नाही. वकील माणूस ते बरोबर जाणतो: हुकूमनामा मिळत नसेल तर निदान मुदतीची बाधा येऊ देऊ नये. आणि इथे मला असे दिसते, की देशांतर्गत राजकारणात प्रतियोगी सहकारितेचा पक्ष टिकला नाही. चळवळीच्या पुरात तो वाहून गेला. परदरबारच्या वकिलीत मात्र दुसरे धोरण असूच शकत नाही. तिथे असहकार म्हणजे सामान बांधून घरी येणे. मिळेल ते घेणे, उरलेल्यासाठी भांडणे, समोरच्याचे पाऊल पाहून आपले पाऊल टाकणे, यालाच तर वकिलात म्हणतात. अण्यांनी आयुष्यभर जे धोरण मांडले त्याला योग्य जागा त्यांच्या वयाच्या त्रेसष्टाव्या वर्षी समुद्रापलीकडे मिळाली. मंत्रिमंडळात तेच धोरण चिमूरला अपुरे पडले होते. कारण मंत्री हा निर्णयाचा भागीदार असतो, वकील नसतो. राजीनामा आणि नेमणूक यांत ज्यांना विसंगती दिसते त्यांनी हा फरक पाहावा.

जुन्या वळणाची माणसे अशा अवघड जागी पाठवण्याची रीत इतरत्रही दिसते. जर्मनीत हान्स श्लांगे-शोनिंगेन नावाचे एक जमीनदार होते, जर्मन नॅशनल पक्षाचे, म्हणजे तिथल्या कडव्या पुराणमतवाद्यांचे पुढारी. पक्षाचा नेता हुगेनबर्ग अतिरेकाकडे झुकला तेव्हा १९३० मध्ये ते बाहेर पडले, पुढे ब्रूनिंग यांच्या मंत्रिमंडळात गेले, आणि हिटलरच्या अमदानीत आपल्या शेतावर जाऊन राहिले. युद्धात जर्मनी हरल्यावर उपाशी देशाच्या अन्नव्यवस्थेचे काम त्यांनी पाहिले. १९५० मध्ये पश्चिम जर्मनीला लंडनमध्ये माणूस ठेवायचा होता. कालच्या शत्रूच्या राजधानीत कोणाला पाठवावे? याच वृद्ध गृहस्थांना. आणि १९५५ पर्यंत ते तिथे होते. माझा तर्क असा, की जो आपल्या पक्षाशीही एकदा प्रामाणिकपणे भांडून बाहेर पडलेला असतो, त्याच्या शब्दावर परका माणूस लवकर विश्वास ठेवतो.

१९४७ मध्ये अणे परतले, घटना परिषदेत बसले आणि जानेवारी १९४८ मध्ये बिहारचे राज्यपाल झाले. ज्या सचिवालयासमोर सात मुले पडली ते सचिवालय आता त्यांच्या सरकारचे होते, आणि १९४२ च्या त्या मंडळातील सभासदाला तिथे पाठवणारे सरकार त्या मंडळानेच तुरुंगात टाकलेल्या माणसांचे होते. यात क्षमा किती आणि व्यवहार किती हे ज्याने त्याने ठरवावे. १९५२ च्या जूनपर्यंत ते त्या पदावर राहिले, आणि रस्त्याला नाव मिळाले.

पुढची वर्षे झरझर सांगतो. राज्यपुनर्रचनेच्या वेळी त्यांनी वेगळ्या विदर्भाची बाजू घेतली. मुंबईसह संयुक्त महाराष्ट्रासाठी माणसे रस्त्यावर पडली, तेव्हा या आपल्या भागातल्या कित्येक घरांत अण्यांचे नाव फारसे आदराने घेतले गेले नसेल, आणि ते समजण्यासारखे आहे. नागपूरने मात्र १९५९ च्या पोटनिवडणुकीत आणि पुन्हा १९६२ मध्ये, वयाच्या ऐंशीनंतर, त्यांना लोकसभेत पाठवले. या सगळ्या धामधुमीत त्यांनी टिळकांवर संस्कृतात एक महाकाव्य रचले, 'श्रीतिलकयशोऽर्णवः'. २६ जानेवारी १९६८ रोजी ते वारले. त्याच वर्षी पद्मविभूषण आणि १९७३ मध्ये त्या काव्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार, असा मरणोत्तर सन्मान झाला.

सिलोनच्या त्या माणसांचे काय झाले? अणे कोलंबो सोडून आले त्याला दीड वर्षही झाले नव्हते, तोच १९४८ मध्ये सिलोनने नागरिकत्वाचा कायदा केला आणि मळ्यांवरचे लाखो लोक एका फटक्यात कोणत्याच देशाचे नागरिक राहिले नाहीत. ते सिलोनचे नव्हेत असे सिलोनने ठरवले, आणि हिंदुस्थान म्हणाला, ते आमचेही नव्हेत, ते तुमचे. सोळा वर्षे हे चालले. ज्यांच्या नावाच्या रस्त्याने आपण घाटकोपरहून भांडुप-मुलुंडकडे जातो, त्या लाल बहादूर शास्त्रींनी ३० ऑक्टोबर १९६४ रोजी सिरिमावो बंदरनायके यांच्याशी करार केला. त्यात ९,७५,००० माणसांची वाटणी झाली: ५,२५,००० भारताने घ्यायची, ३,००,००० सिलोनने ठेवायची, आणि १,५०,००० चा विचार मागाहून करायचा. माणसांना विचारले नव्हते. चौऱ्याऐंशी वर्षांचे अणे त्या वेळी लोकसभेत सभासद होते. वाटणीतल्या पुष्कळ कुटुंबांना निलगिरीच्या चहामळ्यांवर आणून वसवण्यात आले. ज्या डोंगरावर जन्म गेला तो सोडून त्यांनी दुसऱ्या डोंगरावर तीच पाने खुडायला सुरुवात केली. जी मागे राहिली त्यांची गणती त्यानंतरही कितीतरी वर्षे चालू होती, आणि त्यांच्या नागरिकत्वाचा कायदा श्रीलंकेच्या पार्लमेंटने केला तो २००३ साली.